विमानवालीची घागर

सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या गल्लीत नळाला सकाळी तासभर पाणी येतं. त्या तासात मी दोन पिंपं, चार हंडे आणि एक माठ भरते, आणि माझ्या सासूबाई दुपारपर्यंत तो माठ रस्त्यावर रिकामा करतात. कुरियरवाला आला, त्याला पाणी. कचऱ्याची गाडी आली, दोघांना पाणी. साड्यांचे गठ्ठे घेऊन टेम्पो थांबला, ड्रायव्हरला, हमालाला आणि सावलीला उभ्या असलेल्या कुणालाही पाणी. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने एकदा नको म्हटलं, तर या तांब्या घेऊन त्याच्या मागे चौकापर्यंत गेल्या. त्याला वाटलं म्हातारी भांडायला येतेय. बिचारा पळत सुटला.

शेजारचे गुजराती लोक आमच्या घराला 'माजीनी परब' म्हणतात. परब म्हणजे पाणपोई. त्यांना फार कौतुक आहे. हंडे त्यांना उचलावे लागत नाहीत.

सासूबाईंचं नाव शोभाबाई, वय सत्त्याहत्तर. सगळी गल्ली त्यांना माय म्हणते, म्हणून मीही म्हणते. पन्नास वर्षांपूर्वी माझे सासरे गणपत खानदेशातलं साक्रीकडचं गाव सोडून इथे मागावर कामाला आले आणि पाठोपाठ त्यांनी मायलाही आणलं. सासरे बारा वर्षांपूर्वी गेले. माझा नवरा कुंदन मागांची दुरुस्ती करतो, मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते, मुलगी गायत्री कॉलेजात आहे. माझं माहेर जालन्याचं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि त्यातल्या एकाही वर्षी या बाईने मला एका हंड्यात दिवस काढू दिला नाही.

दुसरा ताप विमानांचा. आमच्या डोक्यावरून विमानं जातात, सुरतेत आता कुणी मान वर करून बघतही नाही. पण आभाळ भरून आलेलं असलं आणि वरून घरघर ऐकू आली, की माय हातातलं काम टाकून दारापुढच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहतात. हात जोडलेले, नजर वर. आवाज पार विरेपर्यंत हलायचं नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं, तव्यावरची भाकरी कोळसा झाली, तरी नाही. मी आतून ओरडते, "माय, तो पायलट तुम्हाला बघत नाहीये." त्यांना ऐकू येत नाही असं नाही. ऐकायचं नसतं.

या विमानामागे एक गोष्ट आहे आणि ती मी इतक्या वेळा ऐकली आहे, की झोपेतही सांगेन. माय नऊ वर्षांच्या होत्या. चैत्राचे शेवटचे दिवस, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आलेली. त्या आणि त्यांचे वडील दगा, दोघं डोंगरावर बकऱ्या चारत होते. दुपारी एकाएकी अंधारून आलं, वारा सुटला आणि लिंबाएवढ्या गारा पडायला लागल्या. बापलेक एका कपारीत शिरले. तेवढ्यात ढगातून एक विमान खाली आलं, इतकं खाली, की मायला त्याच्या खिडक्या दिसल्या, आणि समोरच्या डोंगराच्या खांद्यावर आदळलं. नागपूरहून मुंबईला निघालेलं, वादळ टाळायला वळलेलं ते विमान होतं, हे गावाला नंतर कळलं. आत बावीस माणसं होती. कुणी वाचलं नाही.

गारा थांबल्यावर दगाबाबा वर गेले, पोरही मागे गेली. आगीपासून लांब, झुडपात एक बाई पडली होती. पांढरं लुगडं, आणि छातीवर पिनेने टाचलेलं उलटं घड्याळ. बाबा पोरीला म्हणाले, तू हिच्याजवळ बस, कुत्री येऊ देऊ नको, मी गावातून माणसं आणतो. माय बसल्या. माणसं आली, पोलीस आले, प्रेतं बैलगाडीतून तालुक्याला गेली. ती बाई कोण, कुठली, हे कुणीच गावाला सांगायला आलं नाही. गोष्ट संपली.

संपली कुठे, आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. खानदेशात आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, वर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, सोबत सांजोऱ्या आणि आमरस. उंबऱ्याची पूजा करताना एकेका पितराचं नाव घ्यायचं आणि कुंकवाचं एकेक बोट ओढायचं. त्या वर्षी दगाबाबांनी आपल्या पितरांच्या घागरीशेजारी दुसरी घागर ठेवली, विमानवालीची. पुढे ती मायबरोबर सासरी गेली आणि मग सुरतेला आली. अडुसष्ट वर्षं. आमच्या उंबऱ्यावर सासऱ्यांचं बोट असतं, त्यांच्या आईवडिलांचं असतं, दगाबाबांचं असतं, आणि शेवटी एक बोट असतं ज्याला नाव नसतं. ते ओढताना माय नुसत्या थांबतात. ओठ हलतात, आवाज येत नाही.

दोन घागरी, दोन डांगरं आणि ते सगळं मांडायला दहा बाय बाराची खोली. मी एकदा वैतागून विचारलं, "माय, मेले बावीस. मग घागर एकीचीच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"तिनाजवळ मी बसेल व्हती," त्या म्हणाल्या.

मला ते उत्तर वाटलं नाही, पण दुसरं मिळालं नाही.

यंदा फाल्गुनात गायत्रीला काय सुचलं कोण जाणे, तिने आजीला विमानाची गोष्ट सांगायला लावली आणि मोबाइलवर काढून टाकली जगापुढे. पंधरा दिवसांत कितीतरी हजार लोकांनी ती पाहिली. त्यातला एक अमरावतीचा निघाला. बन्सीलाल नावाचे बहात्तर वर्षांचे गृहस्थ, शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त. त्यांनी फोन केला तेव्हा गायत्री माझ्याकडे बघत नुसती हं हं करत राहिली, आणि फोन ठेवून म्हणाली, "मम्मी, एमना मम्मी हता." ती घाबरली की गुजराती बोलते. ती छातीवरच्या घड्याळाची बाई त्यांची आई होती.

ती नर्स होती. एका श्रीमंत घरच्या आजारी म्हातारीला मुंबईच्या दवाखान्यात पोचवायला तिच्यासोबत विमानाने निघाली होती. विधवा होती. चार वर्षांच्या बन्सीलालला बहिणीकडे ठेवून गेली, दोन दिवसांत येते म्हणून. आणि तिचं नाव लीला.

मी मायना नाव सांगितलं. मला वाटलं होतं, खूश होतील. त्या ओट्यावर बसल्या होत्या, तिथेच बसून राहिल्या. डेंग्यूवाले भांडी तपासायला आले, तर त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिघडलंय.

बन्सीलाल बायकोला घेऊन आखाजीच्या आठ दिवस आधी येणार असं ठरलं. आदल्या दुपारी मी खडे चिकटवत बसले होते, उद्या स्वयंपाकाला काय करायचं ते माझ्या डोक्यात चालू होतं. माय समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सुषमा, ती बाई जित्ती व्हती."

मी खडा चुकीच्या जागी लावला. "कोण जिवंत होती?"

मग त्यांनी सांगितलं. बाबा गावात गेले तेव्हा ती बाई जिवंत होती. डोळे उघडे होते. बाबांनी जाताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: कुत्री येऊ देऊ नको, आणि हिला पाणी देऊ नको. उंचावरून पडलेल्या माणसाला पाणी दिलं की ते दगावतं, असं तिकडे सगळे मानतात. माझ्या माहेरीही मानतात. पाण्याचा तुंबा पोरीच्या हातात होता.

"तिनी दोन दाव पानी मांगं," माय म्हणाल्या. "मी दिधं नही."

मी साडी बाजूला सारली. मग जे सुचलं ते बोलले. "माय, तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. आणि बाबांचं काही चुकलं नाही. डॉक्टरही हेच सांगतात, मोठा मार लागलेल्याला पाणी देऊ नका."

"ते वाचनाराले. मरनाराले पानी देतस." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "त्याच साले मनी आजी मरनी, तिना तोंडमा मीच पानी टाकेल व्हतं. मले कळी गयथं, ही मरी ऱ्हायनी. तरी बाबाले भ्याली, आनि तुंबा धरीसन बसनू."

अठ्ठावीस वर्षं मी त्या माठावरून कटकट केली होती. आता मला तोंड लपवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी मला त्यांचा भयंकर रागही आला, कारण पुढचं वाक्य मला दिसत होतं.

"उद्या त्याले सांगसू," त्या म्हणाल्या.

"अजिबात नाही," मी म्हणाले. "माय, हात जोडते. तो माणूस आयुष्यभराचं दुःख घेऊन येतोय, त्याला तुम्ही आणखी एक देणार? तुमच्या मनावरचं उतरेल आणि त्याच्या मनावर चढेल. गप्प बसा. नाव मिळालं ना? मग झालं."

"खरं सांगाबगर तिनं नाव कसं लेऊ?"

"मनात घ्या."

"मनमा अडुसष्ट वरीस लिधं वं," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. या बाईने आजवर कुणाचं ऐकलंय, की माझं ऐकेल.

दुसऱ्या दिवशी बन्सीलाल आले. उंच, वाकलेले, पांढरा शर्ट नीट इस्त्रीचा. बायको सुवर्णाताई बोलक्या, आल्या आल्या माझ्या मदतीला स्वयंपाकघरात शिरल्या. मायनी दोघांच्या हातात पाण्याचे ग्लास दिले. सुवर्णाताई प्यायल्या. बन्सीलालांनी ग्लास हातातच धरला, कारण दुसऱ्या हाताने ते पिशवीतून काहीतरी काढत होते. प्लास्टिकमध्ये घातलेलं एक जुनं पत्र होतं ते, विमान कंपनीचं.

"हे मावशीनं जपून ठेवलं होतं," ते म्हणाले. "मी लहानपणी रडायला लागलो की ती वाचून दाखवायची. यात लिहिलंय, सर्व प्रवाशांना क्षणात मृत्यू आला, कोणालाही वेदना झाल्या नाहीत. एवढ्यावर मी मोठा झालो, माय. पण कंपनीचे लोक तिथं नव्हते. तुम्ही होत्या. तुम्हीच सांगा, तसंच होतं ना?"

मी दारात उभी राहून मायकडे डोळे वटारून बघत होते. इतकं सोपं होतं. फक्त मान हलवायची होती. हो म्हणायचंही नव्हतं.

"नही भाऊ," माय म्हणाल्या.

आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. कुत्री, तुंबा, बाबांचं सांगणं, दोनदा मागितलेलं पाणी. आजीच्या तोंडात घातलेलं पाणीसुद्धा सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती. मला त्या क्षणी त्यांचं तोंड दाबून धरावंसं वाटत होतं.

बन्सीलाल ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पाणी होतं तुमच्याजवळ?"

"व्हतं."

"आन् दिलं नाही."

"नही."

"अहो, नऊ वर्षांची पोर होती ती," सुवर्णाताई मधे पडल्या.

"माहीत आहे मले," ते म्हणाले. त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. त्यातला एक घोटही त्यांनी घेतला नव्हता. पत्र पिशवीत घातलं, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन रिक्षाची वाट बघत उन्हात उभे राहिले. माझा सगळा स्वयंपाक झाकलेलाच राहिला. सुवर्णाताई मला, रागावू नका, म्हणत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

ते गेल्यावर मी मायना जे बोलले, ते इथे लिहीत नाही. त्यांनी बन्सीलालांचा तो ग्लास उचलला, वर बशी झाकली आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून दिला. मी दोनदा ओतायला गेले, दोनदा माझा हात धरला. आठ दिवस तो तिथे होता. डासांची अंडी होतील म्हटलं, ऐकलं नाही. कुंदन म्हणाला, राहू दे ना तो ग्लास. त्याचं काय जातंय, घर मला झाडायचं असतं.

त्या आठ दिवसांत गल्लीत कुणाला पाणी मिळालं नाही. टेम्पोवाला विचारून गेला, माजी बरी आहे ना. माझा माठ संध्याकाळपर्यंत भरलेला राहायला लागला. हेच मला अठ्ठावीस वर्षं हवं होतं, आणि आता त्या भरलेल्या माठाकडे बघून माझा जीव जात होता.

आखाजीच्या सकाळी मी न विचारता दोन घागरी आणल्या. सांजोऱ्या केल्या, आमरस काढला, डांगरं धुतली. माय उंबऱ्याशी बसल्या. सासऱ्यांचं बोट ओढलं, त्यांच्या आईवडिलांचं ओढलं. दगाबाबांचं ओढलं. मग कुंकवात बोट बुडवलं आणि तसंच धरून बसल्या. दरवर्षी त्या थांबतात, पण इतकं नाही. बोटावरचं कुंकू वाळायला लागलं.

"ओढा, माय," मी म्हणाले. "आता तर नाव माहीत आहे."

"त्यानी पानी बी लिधं नही मना हातनं," त्या म्हणाल्या. "कोनता तोंडे तिनं नाव लेऊ?"

मी बसले त्यांच्याजवळ. दुसरी घागर रिकामीच होती.

गायत्रीचा फोन वाजला. सुवर्णाताई होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, हे सकाळपासून अंगणात मातीची घागर घेऊन बसलेत. काल स्वतः कुंभाराकडे गेले होते. पण कसं करतात ते येत नाही आणि मला करू देत नाहीत. आजीला विचार ना." गायत्रीने फोन मोठ्या आवाजावर टाकून उंबऱ्याशी ठेवला.

पलीकडे कुणीतरी फोन हातात घेतल्याचं कळलं. मग बन्सीलालांचा आवाज आला. "किती भरायची?"

मायनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काठोकाठ," त्या म्हणाल्या.

"सांडून राहिलं."

"सांडू दे."

पाणी ओतल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. खूप वेळ येत राहिला. मायनी त्यांना सांगितलं, छोटं मडकं वर ठेव, त्यावर डांगर ठेव. डांगर नाही, आंबा आहे, ते म्हणाले. चालस, माय म्हणाल्या. आता कुंकू ले, नाव ले आनि उंबराले बोट लाव. पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला. मग एकदम जवळून आवाज आला, म्हाताऱ्या माणसाचा फाटलेला आवाज, "लीला."

माय डोळे मिटून बसल्या होत्या.

"झालं माझं," बन्सीलाल म्हणाले. "आता तुम्ही."

"आते तुनी घागर शे भाऊ. मनं काम सरनं."

"नाही. तुमच्याकडची बी भरा." ते म्हणाले. "तिले तहान लागली होती, माय. दोन्हीकडं भरू."

मायनी बोट पुन्हा कुंकवात बुडवलं. उंबऱ्यावर ओढलं आणि नाव घेतलं, मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल इतकं मोठ्याने. मग दोन्ही हातांनी हंडा उचलला आणि घागरीत ओतायला लागल्या. घागर भरली तरी थांबल्या नाहीत. पाणी उंबऱ्यावरून ओघळलं, ओट्यावरून उतरून रस्त्याला लागलं. सकाळी नळाखाली तासभर उभं राहून भरलेलं पाणी होतं ते. मी दुसरा हंडा आणायला उठले.